कल्ट की सर्वधर्मीय चळवळ? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एखादा आश्रम, सत्संग किंवा ‘सर्वधर्मीय’ म्हणवणारं केंद्र यांच्याबद्दल मनात पाल चुकचुकली की लोक साधारण हेच प्रश्न विचारतात. उत्तरं सारख्या लांबीची नाहीत. काही प्रश्न दोन ओळींत संपतात, काही संपता संपत नाहीत.

थोडक्यात सांगा, कल्ट (माणसाला मुठीत ठेवणारा बंदिस्त गट) आणि सर्वधर्मीय चळवळ यांत फरक कशात आहे?

‘नाही’ म्हणणाऱ्या माणसाचं पुढे काय होतं, यात. देणगीला नाही, सेवेला नाही, गुरूंच्या एखाद्या मताला नाही, किंवा सरळच “उद्यापासून येत नाही”. सर्वधर्मीय चळवळीत अशा माणसाला फार तर कुणीतरी “येत जा हो अधूनमधून” म्हणतं. कल्टमध्ये त्याच नकाराची किंमत नातेवाईक, पैसा, झोप आणि अब्रू यांतून वसूल होते. देव किती, ग्रंथ कोणते, कपडे कुठल्या रंगाचे, डोळे मिटून बसतात की नाचतात, याचा ह्या फरकाशी फारसा संबंध नाही.

पण भिंतीवर राम, येशू, बुद्ध, नानक सगळे आहेत. मग तो कल्ट कसा असेल?

असू शकतो. कल्ट आणि सर्वधर्मीय चळवळ ही दोन टोकं आहेत हा समजच चुकीचा आहे. एकच गट एकाच वेळी दोन्ही असू शकतो, आणि असे गट होऊन गेले आहेत.

जिम जोन्सचं ‘पीपल्स टेम्पल’ १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या इंडियानापोलिसमध्ये सुरू झालं. त्या काळी तिथल्या बहुतेक चर्चमध्ये गोरे आणि काळे वेगवेगळे बसत. इथे एका बाकावर बसत, एका सुरात गात. वृद्धांची सोय होती, गरिबांना जेवण होतं. पुढे हा गट कॅलिफोर्नियात गेला आणि १९७६मध्ये जोन्सला सॅन फ्रान्सिस्कोच्या गृहनिर्माण प्राधिकरणावर मानाचं पद मिळालं. बाहेरून पाहणाऱ्याला यात खोट काढायला जागा नव्हती. आतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांचे पेन्शनचे चेक मात्र संस्थेकडे जात होते. दक्षिण अमेरिकेतल्या गयाना देशाच्या जंगलात ‘जोन्सटाउन’ वसवल्यावर पासपोर्ट संस्थेच्या ताब्यात गेले, पत्रं वाचूनच पुढे सरकू लागली, लाउडस्पीकरवर जोन्सचा आवाज सुरू राहिला आणि रात्रीबेरात्री सामूहिक आत्महत्येच्या रंगीत तालमी होऊ लागल्या. नोव्हेंबर १९७८मध्ये अमेरिकी संसदेचे सदस्य लिओ रायन पाहणीला आले. स्वागताला गाणी झाली, जेवण झालं, आणि त्या गर्दीत एकाने सोबत आलेल्या पत्रकाराच्या हातात गुपचूप चिठ्ठी सरकवली: आम्हाला इथून बाहेर काढा. दुसऱ्या दिवशी, १८ नोव्हेंबरला, रायन यांच्यासह ९१८ माणसं मेली. त्यांत जवळपास एक तृतीयांश लहान मुलं होती.

‘घरी जायचंय’ एवढं सांगायला जिथे लपवून चिठ्ठी द्यावी लागते, तिथे भिंतीवर काय लावलंय हे बघायची गरज उरत नाही.

दुसरं उदाहरण जास्त नेमकं. सन म्युंग मून यांनी १९५४मध्ये सेऊलला स्थापन केलेल्या युनिफिकेशन चर्चचा दावाच ऐक्याचा होता. १९८०च्या दशकापासून या संघटनेने जगभरच्या धर्मगुरूंना आणि प्राध्यापकांना बोलावून मोठ्या आंतरधर्मीय परिषदा भरवल्या, आणि येणारी माणसं बहुतेक सज्जनच होती. त्याच काळात जपानमध्ये याच संघटनेशी जोडलेले लोक घरोघर जाऊन “तुमच्या पूर्वजांची कर्मं बाधतायत” असं सांगत फुलदाण्या, शिक्के अवाच्या सवा किमतीला विकत होते. जुलै २०२२मध्ये जपानचे माजी पंतप्रधान शिंझो आबे यांच्यावर गोळी झाडणाऱ्याने सांगितलेलं कारण याच संघटनेपाशी पोचत होतं: आईने घरचे सुमारे दहा कोटी येन तिथे दिले आणि कुटुंबाचं दिवाळं निघालं. खुनाचं समर्थन त्यातून होत नाही. पण त्यानंतर जपान सरकारला चौकशी करावीच लागली आणि मार्च २०२५मध्ये टोकियोच्या जिल्हा न्यायालयाने संस्था विसर्जित करण्याचा आदेश दिला.

तिसरं उदाहरण जपानमधल्याच ओम शिनरिक्यो या गटाचं. योगवर्गापासून सुरुवात, मग बौद्ध साधना, शिव, बायबलातला जगाचा अंत, सगळ्याची मोट. १९८९मध्ये रीतसर धार्मिक संस्था म्हणून मान्यता मिळाली. त्याच वर्षी गटाविरुद्ध कुटुंबांची बाजू लढवणारा एक वकील, त्याची बायको आणि तान्हं मूल यांचा खून झाला. २० मार्च १९९५ला टोकियोच्या मेट्रोत सरीन हा विषारी वायू सोडला गेला तो यांनीच.

मग खरी सर्वधर्मीय चळवळ म्हणजे काय? सगळे धर्म एकच, असं मानणं?

तसं मानलंच पाहिजे असं नाही. दोन प्रकार आहेत. एकात माणसं आपापल्या धर्मात राहून एकत्र येतात. १८९३ची शिकागोची सर्वधर्म परिषद ही त्याची ठळक खूण. आपल्याला विवेकानंद आठवतात, पण जैनांतर्फे वीरचंद गांधीही तिथे बोलले होते, आणि परिषद संपल्यावर जो तो आपला धर्म घेऊन घरी परतला. सेवाग्रामच्या सायंप्रार्थनेत गीता, कुराण, पारशी प्रार्थना, जपानी बौद्ध मंत्र एकापाठोपाठ म्हटले जात. म्हणून प्रार्थनेला बसलेला मुसलमान हिंदू होत नव्हता, की हिंदू पारशी.

दुसऱ्या प्रकारात अनेक धर्मांतून घेऊन नवी उपासना उभी राहते. बंगालमध्ये १८२८चा ब्राह्मो समाज, मुंबईत १८६७चा प्रार्थना समाज. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर इथले. उपासनेत तुकोबांचे अभंग असत आणि सोबत युनिटेरियन (एकेश्वरवादी) ख्रिस्ती विचारांची ऊठबस. याच समाजाच्या आधाराने विठ्ठल रामजी शिंदे १९०१मध्ये ऑक्सफर्डला तौलनिक धर्मशास्त्र शिकायला गेले. इथे सभासद रविवारी उपासनेला येत आणि सोमवारी आपल्या जातीच्या, कुळाच्या घरात जगत. मूर्तिपूजा सोडायची म्हणजे किती सोडायची यावर जाहीर भांडत. लोक त्यांना धड ना इकडचे ना तिकडचे म्हणून हसत. पण कुणालाही धरून ठेवलेलं नव्हतं. त्यामुळेच गर्दीही कधी जमली नाही, आणि आज बहुतेक मुंबईकरांना ‘प्रार्थना समाज’ हे गिरगावातल्या एका नाक्याचं नाव म्हणून माहीत आहे. मोकळीक दिली की माणसं पांगतात, हा तोटा अशा चळवळींनी सोसलेला आहे. ज्यांना तो सोसायचा नसतो ते दार घट्ट करू लागतात.

माझ्या मते सगळ्यांत कडक कसोटी महात्मा फुल्यांनी लिहून ठेवली आहे. एकाच घरात बायको बौद्ध, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान आणि मुलगा सत्यधर्मी असावा, आणि कुणी कुणाचा हेवा न करता त्यांनी प्रेमाने राहावं. तुमच्या गटाचं साहित्य हातात घ्या आणि असं घर त्यांना चालेल का ते शोधा.

बहाई कशात मोडतात?

बहाई हा स्वतंत्र धर्म आहे. बहाउल्ला यांनी १८६३मध्ये बगदादला आपलं अवतारकार्य जाहीर केलं. मागचे सगळे प्रेषित खरे, असं हा धर्म मानतो, म्हणून लोक त्याला सर्वधर्मीय चळवळ समजतात. दिल्लीचं कमळ मंदिर (१९८६) सगळ्यांनी पाहिलेलं असतं. आत मूर्ती नाही, प्रवचन नाही, कुठल्याही धर्माचा ग्रंथ वाचता येतो. महाराष्ट्राशी त्यांचा धागा जुना आहे: पाचगणीची न्यू एरा शाळा त्यांनी १९४५मध्ये काढली.

यांच्या दोन गोष्टी मला फार मोलाच्या वाटतात. धर्मकार्याच्या निधीसाठी ते बहाई नसलेल्या माणसाकडून पैसा घेतच नाहीत. आणि पुरोहित नसल्यामुळे कारभार निवडून आलेल्या नऊ जणांच्या मंडळाकडे असतो. ती निवडणूक अशी: दरवर्षी एप्रिलमध्ये गावातले प्रौढ बहाई जमतात, प्रार्थना होते, प्रत्येकाला कोरी मतपत्रिका मिळते आणि तो आपल्या मनाने नऊ नावं लिहून ती घडी करून टाकतो. कुणी उमेदवार नाही, अर्ज नाही, आणि प्रचार केला तर ते गैर मानलं जातं. आपल्याकडच्या कुठल्याही सोसायटीच्या निवडणुकीला बसलेल्या माणसाला हे परग्रहावरचं वाटेल.

दुसरी बाजूही सांगायला हवी. धर्माच्या नेतृत्वाच्या परंपरेलाच आव्हान देऊन फूट पाडणाऱ्याला ‘करार मोडणारा’ ठरवलं जातं आणि अनुयायांनी त्याच्याशी संबंध तोडावेत अशी अपेक्षा असते. असे प्रसंग विरळ, पण नियम आहे. ज्याची श्रद्धाच उडाली त्याला मात्र नाव कमी करून घेता येतं आणि घरदार तुटत नाही. पहिल्या प्रश्नातल्या कसोटीवर हा उणा गुण आहेच, पण त्यावरून त्यांना कल्ट म्हणणं ओढूनताणून होईल.

‘कल्ट’ कोण म्हणतंय हेही पाहायचं असतं. इराणचं सरकार बहाईंना वाट चुकलेला पंथ ठरवतं. १९७९च्या क्रांतीनंतर तिथे २००हून जास्त बहाई मारले गेले आणि त्यांच्या मुलांना विद्यापीठांची दारं बंद झाली. बहुसंख्याकांच्या तोंडी हा शब्द आला की आधी सावध व्हावं.

पाचगणीतच ‘एशिया प्लॅटो’ हे शिबिरांचं केंद्र आहे. तेही एक प्रकारचं कल्टच होतं असं ऐकलं?

आरोप जुना आहे. अमेरिकन पाद्री फ्रँक बुकमन यांच्या ऑक्सफर्ड ग्रुपमधून १९३८मध्ये ‘मॉरल री-आर्मामेंट’ ही चळवळ निघाली. संपूर्ण प्रामाणिकपणा, शुद्धता, निःस्वार्थ आणि प्रेम अशी चार मापं. सकाळी वही घेऊन गप्प बसायचं, आतला आवाज काय सांगतो ते लिहायचं, आणि मग आपल्या चुका इतरांसमोर सांगायच्या. त्या चुका सांगण्यात भिडेचा भाग किती आणि बुकमन यांचा एकट्याचा शब्द किती चालायचा, यावर त्या काळी सडकून टीका झाली. माझ्या मते ती अनाठायी नव्हती. भारतात राजमोहन गांधींनी चळवळ वाढवली आणि १९६०च्या दशकाच्या अखेरीस पाचगणीचं केंद्र उभं राहिलं.

बुकमन १९६१मध्ये वारले. संस्थापकाच्या मृत्यूनंतर काय होतं, ही मोठी परीक्षा असते. इथे कुणी नवा बुकमन झाला नाही, धार ओसरली, २००१मध्ये नावही बदलून ‘इनिशिएटिव्हज ऑफ चेंज’ झालं. आज सरकारी अधिकारी आणि कारखान्यातले लोक तिथे चार दिवसांच्या शिबिराला जातात आणि स्ट्रॉबेरी घेऊन घरी येतात.

आणि ओशो?

पुण्याचा कुणी असला की हा प्रश्न येतोच.

रजनीश १९७४मध्ये कोरेगाव पार्कात आले. त्यांच्या प्रवचनांचे विषय पाहिले तर त्याहून सर्वधर्मीय काही सापडणार नाही: बुद्ध, येशू, कबीर, झेन, सूफी, हसीदी ज्यू. जगभरातून माणसं आली, बरीचशी शिकलेली आणि सुखवस्तू. पुणेकरांचा राग बहुतांशी भगव्या कपड्यांतल्या गोऱ्या जोडप्यांवर होता. हा कल्ट असल्याचा पुरावा नव्हे, ही पेठेतली नापसंती.

खरा प्रश्न १९८१नंतरचा. अमेरिकेत ओरेगॉनमध्ये सुमारे ६४,००० एकरांचं रान घेऊन रजनीशपुरम वसलं. रजनीश मौनात गेले आणि कारभार त्यांची सचिव मा आनंद शीला आणि तिच्या आतल्या गोटाच्या हाती आला. शेजारच्या अँटेलोप गावात मतदानाच्या जोरावर सत्ता मिळवून गावाचं नावच ‘रजनीश’ केलं. १९८४मध्ये काउंटीची (तिथल्या जिल्ह्याची) निवडणूक जिंकण्याच्या खटपटीत द डॅल्स गावातल्या हॉटेलांच्या सॅलडवर साल्मोनेला जंतू शिंपडले. ७५१ माणसं आजारी पडली. आपल्याच माणसांचे फोन चोरून ऐकले जात होते. सप्टेंबर १९८५मध्ये शीला पळाली, पुढे जर्मनीत पकडली गेली आणि तिने गुन्हे कबूल केले. रजनीशांनी सगळा दोष तिच्यावर टाकला; त्यांना स्वतःला स्थलांतराच्या प्रकरणात दंड भरून अमेरिका सोडावी लागली. १९८७मध्ये ते पुण्यात परतले, १९ जानेवारी १९९०ला गेले.

तर कल्ट होता का? ओरेगॉनची ती चार वर्षं, होय, माझ्या मते निःसंशय. आज कोरेगाव पार्कात तिकीट काढून ध्यान करून संध्याकाळी जर्मन बेकरीकडे वळणारा माणूस कल्टमध्ये आहे का? अजिबात नाही. तिथले आजचे वाद ट्रस्टची जमीन विकायची की नाही, समाधीवर माळा घालून जाऊ द्यायचं की नाही, असे आहेत, आणि ते धर्मादाय आयुक्तालय आणि न्यायालयापर्यंत गेलेले आहेत. भांडणं दप्तरी येतात हे चांगलंच लक्षण. म्हणून गटाचं नाव घेऊन विचारू नका. कुठलं केंद्र, कुठलं वर्ष, कोणाच्या हाती किल्ल्या, असं विचारा.

गुरू करणं म्हणजेच कल्ट का?

नाही. तसं असतं तर अर्धा महाराष्ट्र कल्टमध्ये गेला असता.

वारकऱ्याकडे बघा. तो माळ कुणाच्या तरी हातून घालतो, फड मानतो, दिंडीच्या शिस्तीत चालतो, विणेकऱ्याचं ऐकतो. यंदा या दिंडीत, पुढच्या वर्षी दुसऱ्या. वाल्ह्यापर्यंत चालून पाय सुजले म्हणून एसटी धरून घरी गेला तर पंढरपुरात त्याच्या नावाची नोंद घेणारा कुणी नसतो. सगळ्या संप्रदायाची मान ज्याच्या हाती असा एक माणूस नाही. जातीच्या उतरंडीवरून संप्रदायाला सुनवावं असं पुष्कळ आहे, पण तो वेगळा विषय.

गुरूपाशी धोका कुठे सुरू होतो? जेव्हा त्याच्या वागण्याला दुसराच नियम लागू होतो. शिष्यांना ब्रह्मचर्य आणि गुरूंना ‘लीला’. शिष्याचा आजार त्याचं पाप, गुरूंचा आजार शिष्यांनी घेतलेला त्रास. तुमच्या केंद्रात गुरूंची एखादी चूक कुणी मोठ्याने सांगितल्याचं तुम्ही शेवटचं कधी ऐकलं?

ब्रेनवॉशिंग खरंच होतं का?

सिनेमात दाखवतात तसं नाही. लंडनमधल्या समाजशास्त्रज्ञ आयलीन बार्कर यांनी मूनच्या अनुयायांचा कित्येक वर्षं अभ्यास केला. १९७९मध्ये लंडन भागात निवासी शिबिराला गेलेल्या हजाराहून अधिक लोकांपैकी सुमारे ९० टक्के सभासद झालेच नाहीत, आणि झालेल्यांतले बहुतेक दोनेक वर्षांत बाहेर पडले. अमोघ मंत्र असता तर हे आकडे असे नसते.

पण दबाव असतो, आणि तो फार साध्या गोष्टींचा असतो. अपुरी झोप. एकट्याला अर्धा तासही न मिळणं. पहिल्या दिवशी मिठ्या आणि कौतुक, मग एक छोटा होकार, मग त्याहून थोडा मोठा. सतत कुणीतरी ‘ताई, दादा’ करत सोबत. नुकतंच कुणी वारलंय, लग्न मोडलंय, नव्या शहरात नोकरी लागलीय, अशा वेळी हे जास्त लागू पडतं.

यात शिकलेली माणसं सापडत नाहीत ना?

ओमच्या सरीन हल्ल्यात सामील असलेल्यांत हृदयशल्यचिकित्सक होता, भौतिकशास्त्र शिकलेले होते; सरीन बनवणारा रसायनशास्त्राचा पदवीधर होता. पुढचा प्रश्न.

देणगी किती म्हणजे जास्त?

रकमेवरून काही कळत नाही. कुणी लाखाचा मुकुट वाहतो आणि शांत झोपतो. रक्कम कशी मागितली ते पाहा. एफडी मोडायला लावली का? दागिने गहाण? घर विकून ‘आश्रमातच राहा’? जपानने डिसेंबर २०२२मध्ये केलेल्या कायद्यात नेमकं हेच आहे: कर्ज काढून किंवा राहतं घर विकून देणगी द्या, असं सांगायला बंदी, आणि भीती घालून घेतलेली देणगी परत मागायची सोय. आपल्याकडे असा कायदा नाही.

आपल्याकडे काय करता येतं? संस्था ट्रस्ट म्हणून नोंदलेली असेल तर धर्मादाय आयुक्त कार्यालयात तिचा पीटीआर (सार्वजनिक न्यास नोंदवहीचा) उतारा असतो. विश्वस्त कोण, मिळकत कोणती, ते त्यात दिसतं. दरवर्षी हिशेबतपासणीचा अहवाल दाखल करायचा असतो. विश्वस्तांच्या यादीत गुरूंची मुलं, जावई आणि ड्रायव्हर एवढेच असतील तर बोध घ्यावा. पावती मागून बघा, आणि पावतीवरचं नाव नोंदलेल्या ट्रस्टचंच आहे का तेही बघा. पावतीच्या मागणीवर “तुमच्या श्रद्धेत खोट आहे” असं उत्तर आलं तर तिथून चप्पल घालून निघावं.

कायदा काय म्हणतो?

‘कल्ट’ नावाचा गुन्हा भारतात नाही, आणि नसावा. घटनेचं २५वं कलम श्रद्धेचं स्वातंत्र्य देतं, २६वं पंथांना आपला कारभार करायचं. कायदा कृत्य पाहतो.

महाराष्ट्रात दोन कायदे कामाचे आहेत. २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा, जो डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर आला. दैवी शक्तीचा दावा करून फसवणं, दहशत घालणं, साप किंवा कुत्रा चावलेल्याला औषधापासून रोखून मंत्रतंत्र करणं, अवतार असल्याचं सांगून लैंगिक शोषण करणं, याला सहा महिने ते सात वर्षं शिक्षा आहे. दुसरा २०१६चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा. तो जातपंचायतींच्या जाचामुळे आला, पण ‘त्याच्याशी बोलू नका, त्याच्या लग्नाला जाऊ नका’ असा फतवा कुठल्याही गटाने काढला तरी लागू पडतो. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड.

धर्मपीठाने सभासदाला बहिष्कृत करावं की नाही हा मात्र जुना तंटा आहे. मुंबई राज्याचा १९४९चा बहिष्कारबंदी कायदा १९६२मध्ये दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. त्या निकालाचा फेरविचार २०२३मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवला गेला.

आईवडिलांनी लक्षात ठेवायची गोष्ट: मुलगी किंवा मुलगा सज्ञान असेल आणि “मी स्वखुशीने इथे आहे” असं न्यायालयात म्हणत असेल तर हेबियस कॉर्पस (डांबून ठेवलेल्या माणसाला हजर करा अशी याचिका) टिकत नाही. तमिळनाडूतल्या एका आश्रमातल्या दोन बहिणींच्या वडिलांची याचिका ऑक्टोबर २०२४मध्ये अशीच बंद झाली.

तुम्ही कल्टची यादी का देत नाही?

फ्रान्सच्या संसदीय समितीने १९९५मध्ये दिली होती, १७३ गट. निरुपद्रवी गट त्यात अडकले, नावं बदललेले सुटले, आणि २००५मध्ये पंतप्रधानांच्या परिपत्रकानेच ती यादी वापरू नका असं सांगितलं. त्याआधी २००१मध्ये त्यांनी केलेला कायदा जास्त शहाणा होता: माणसाच्या दुबळ्या अवस्थेचा गैरफायदा घेणं हा गुन्हा, मग घेणारा कुणीही असो.

घरातलं माणूस अशा गटात ओढलं गेलंय. काय करू?

वाद घालू नका, निदान देवाधर्मावर तरी. गटाने त्याला आधीच सांगून ठेवलेलं असतं की घरचे विरोध करतील. तुम्ही ओरडलात की गुरूंची भविष्यवाणी खरी ठरते. आईची शपथ, ‘आम्ही मेलो असं समज’, हे तर मुळीच नको. परतीच्या दाराला आतून कडी लावल्यासारखं होतं ते.

फोन चालू ठेवा. रोजचं बोला: दाताचं काम झालं का, चिंगीच्या बारशाला येतेस ना, गावच्या घराची कौलं बदलली. महिन्याकाठी एक साधा प्रश्न पुरतो, आणि तो गुरूंवर नको, तिच्यावर हवा: “मनात आलं तर आठवडाभर घरी येता येईल ना तुला?” उत्तर देण्याआधी ती कुणाला तरी विचारते का, ते ऐका.

आधार, पॅन, दहावीच्या सनदेपासूनची कागदपत्रं यांच्या प्रती घरात ठेवा. संयुक्त खात्यातून काय गेलं याची तारखेनिशी नोंद ठेवा. दाभोलकरांनी १९८९मध्ये सुरू केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या शाखा बऱ्याच गावांत आहेत. तिथे अशा तक्रारी ऐकलेली माणसं भेटतात. वाहिन्यांचे कॅमेरे घेऊन आश्रमाच्या दारात जाणं टाळा. आणि उचलून आणणं, कोंडून ठेवणं हे अमेरिकेत १९७०च्या दशकात पुष्कळांनी केलं; प्रकरणं कोर्टात गेली, मुलं आणखी दुरावली.

दोन गोष्टींत मात्र थांबू नका. लहान मुलं आत असतील आणि मारहाण, उपासमार किंवा लैंगिक छळाची शंका असेल तर लगेच १०९८ किंवा ११२. कुणाचं इन्सुलिन, फिटची किंवा मानसिक आजाराची औषधं ‘कृपेमुळे’ बंद केली असतील तरी तेच.

परत आलेल्या माणसाशी कसं वागावं?

“तुला कळलं कसं नाही?” हे विचारू नका. तिथल्या भजनांना, तिथल्या मैत्रिणींना नावं ठेवू नका. त्या मैत्र्या खऱ्या असू शकतात, आणि त्या मैत्रिणींतल्या काही अजून आत आहेत. सुरुवातीला बँकेतला मोबाइल नंबर, वारस म्हणून लावलेलं नाव आणि कुणाला दिलेलं कुलमुखत्यारपत्र एवढं तपासा. झोप सुरळीत व्हायला महिने जातात, मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला कचरू नये. पुन्हा देवळात जायचं की नाही, हे त्याचं त्याला ठरवू द्या.